दोन बोटांचं तोंड

नवी पेठेत दातांचा दवाखाना असला की पेशंट साधारण दोनच तऱ्हेचे येतात. एक म्हणजे पेन्शनर. त्यांची कवळी हलत असते, किंवा हलत नसते पण हलते असं त्यांचं ठाम मत असतं. दुसरी म्हणजे स्पर्धा परीक्षेची मुलं. बीड, लातूर, परभणी, बुलढाणा, धुळे अशी कुठकुठून आलेली, एका खोलीत चौघं-पाच जण राहणारी, अभ्यासिकेतल्या अडीच फुटी टेबलाला आपलं म्हणणारी. दवाखाना दहाला उघडतो हे माहीत असूनही पेन्शनर साडेनवालाच दारात हजर असतात. मुलं येतात रात्री आठनंतर, मेसचं जेवण उरकून पुन्हा अभ्यासिकेत जायच्या आधी.

या दोघांच्या तोंडात एक उलटा हिशोब मला कायम दिसतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना दात चार, पण 'आ करा' म्हटलं की जबडा असा सैल उघडतो की आरसा, चिमटा, माझी दोन बोटं आणि थुंकी ओढणारी नळी एवढं सगळं आत असतानाही आजी सुनेबद्दल काहीतरी सांगायचा प्रयत्न करत असतात. आणि चोवीस वर्षांच्या मुलाला बत्तीसच्या बत्तीस दात, एकही किडलेला नाही, पण मागच्या दाढेपर्यंत माझा आरसा पोचत नाही.

"अजून उघड."

"एवढंच उघडतंय, मॅडम."

"कधीपासून?"

यावर तो विचारात पडतो. आपलं तोंड किती उघडतं हे कोण कशाला मोजत बसेल?

मोजायला फूटपट्टीही लागत नाही. स्वतःचीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक अशी रचून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही गेली तर ठीक. साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर अंतर होतं ते. दोनच जात असतील तर दाखवायला या. एकच जात असेल तर आजच या. हे वाचताना तुम्ही बोटं तोंडाशी नेलीच असतील, तर घरातल्या विशी-पंचविशीतल्या मुलालाही करायला सांगा. तो हसेल. हसू द्या.

ही मुलं माझ्याकडे येतात ती दात साफ करून घ्यायला. दुखतंय म्हणून येणारा क्वचित. कोणाचं लग्न ठरलेलं असतं, कोणाला मुलगी बघायला जायचं असतं, कोणाचा निकाल लागलेला असतो आणि गावात सत्कार, फ्लेक्स, फोटो हे सगळं व्हायचं असतं. दातांवरचे तांबूस-काळे डाग फोटोत दिसतील ही त्यांची काळजी. डाग अर्ध्या तासात निघतात. मशीनच्या टोकाखाली राप निघून खालचा पांढरा दात दिसायला लागला की मुलगा हातातल्या आरशात बघून खूश होतो. मी मात्र तेव्हा त्याच्या गालाकडे बघत असते.

निरोगी गालाचं आतलं अस्तर गुलाबी, ओलसर आणि मऊ असतं; बोटाने ओढलं तर ताणतं. या मुलांचं पांढुरकं पडलेलं असतं. बोट आत घालून गाल बाहेरच्या बाजूला दाबला तर अस्तराखाली उभ्या दोऱ्या लागतात. कुकरची जुनी रिंग जशी ताठरते, तसा गाल ताठरलेला असतो. टाळूही फिकट असते, पडजीभ आक्रसून बारीक झालेली. जीभ बाहेर काढ म्हटलं तर ओठापर्यंत येऊन थांबते. गाल फुगव म्हटलं तर फुगत नाही. शिट्टी वाजवता येते का विचारलं, तर एक जण म्हणाला, "पूर्वी यायची." त्याचं वय होतं तेवीस.

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या आधीची अवस्था. आणि त्याची पहिली खूण तोंड बंद होणं ही नसतेच. पहिली खूण म्हणजे तिखट झोंबणं. तोंडात आग होते. मुलगा मिसळीवर तर्री घेणं सोडतो, मग मिसळच सोडतो, मग मेसमध्ये दही-भात मागायला लागतो. लातूरचा एक मुलगा मला सांगत होता की खोलीतले मित्र त्याला चिडवायचे, "पुण्याचा झालास रे तू, गोड आमटी खायला लागलास!" ठेच्यावर वाढलेला पोरगा वरण-भातावर येतो आणि चार माणसांच्या खोलीत त्याची चेष्टा होते, त्याचं तोंड मात्र कोणी बघत नाही. त्यालाही ती ॲसिडिटीच वाटत असते. जागरण आहे, चहा जास्त होतोय, पोट साफ नाही, अंगात उष्णता वाढलीय. आपल्याकडे तोंड आलं की दोष पोटाला द्यायचा आणि सब्जा प्यायचा, ही रीत फार जुनी आहे. तूप लावतात, जाईची पानं चघळतात, मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सची पट्टी देतो. साधं तोंड आलेलं असेल तर हे सगळं चालून जातं, कारण ते आठवडा-दहा दिवसांत आपोआपच बरं होतं. दोन आठवड्यांत न भरणारी जखम मात्र पोटाची नसते.

काय खातोस, हे विचारायची माझी एक पद्धत आहे. 'तंबाखू खातोस का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. म्हणून मी विचारते, "सुपारी कुठली?" मग सगळं बाहेर येतं. अभ्यासिकेत रात्री झोप उडवायला कोपऱ्यावरचा मावा. टपरीवर कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून तळहाताने रगडतात आणि तशीच पुडी बांधून देतात. रगडताना ती गरम होते, पोरांना ती गरमच आवडते. कोणी नुसता पानमसाला खातो आणि त्यात तंबाखू नसल्याचं मला पुडीवर वाचून दाखवतो. एक जण तर फक्त गोड सुपारी खायचा, जेवणानंतर. मग चहानंतर, मग दोन चहांच्या मधे.

तंबाखू वाईट, हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. सुपारीबद्दल मात्र आपलं मन फार मऊ आहे. ती पूजेत गणपती म्हणून मांडली जाते, तिच्यावर लग्नं ठरतात, बारशापासून तेराव्यापर्यंत तबकात ती असतेच. आजोबांच्या अडकित्त्याची आठवण सांगताना मराठी माणूस हळवा होतो. त्या सुपारीलाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००३ साली माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूशिवाय, एकटीला. तिच्यातलं ॲरेकोलीन अस्तराखालच्या पेशींना जास्तीचे तंतू विणायला लावतं, तिच्यातलं तांबं त्या तंतूंची गुंफण पक्की करतं, आणि टॅनिनमुळे तयार झालेले तंतू सहजी विरघळत नाहीत. चुना अस्तर भाजतो आणि सगळ्याचं शोषण वाढवतो. त्या दोऱ्या तयार होतात त्या अशा. एकदा झालेल्या दोऱ्या सुपारी सोडली तरी जात नाहीत. वाढायच्या थांबतात, एवढंच. १९५२ साली हा आजार वैद्यकात पहिल्यांदा नोंदला गेला तो केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात. समुद्र ओलांडून गेल्या, सुपारी बरोबर नेली.

याच्या पुढे कॅन्सर किती जणांना होतो, हा प्रश्न मुलं विचारतातच. केरळातल्या अशा रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा ७.६ टक्के लोकांना झाला होता. म्हणजे साधारण तेरात एक. स्पर्धा परीक्षेच्या मुलाला हा आकडा सांगताना जपून सांगावा लागतो, कारण लाखांतून काही शे निवडले जाणाऱ्या परीक्षेला बसलेल्या पोराला तेरात एक म्हणजे काहीच वाटत नाही. एकाने मला ऐकवलं, "मॅडम, म्हणजे बारा जण सुटतात की." गणित बरोबर होतं. मी त्याला एवढंच म्हटलं की त्या बारांचीही तोंडं दोन बोटांचीच राहतात.

आपल्या जिल्ह्याचा या विषयाशी संबंध जुना आहे, आणि तो पुणेकरांना ठाऊक असावा असं मला वाटतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या पथकाने, डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्या साथीने, पुणे जिल्ह्यातल्या गावकऱ्यांची तोंडं तपासली होती. किती? १,०१,७६१. अभ्यास १९७२ साली छापून आला. एक लाखाहून जास्त माणसांना कोणीतरी 'आ करा' म्हणालं आणि आत बघितलं! त्या काळी गावागावांत मिश्री होती. बायका सकाळी चुलीवर तंबाखू भाजून, कुटून दातांना लावायच्या आणि अर्धी सकाळ तोंडात धरायच्या. माझ्या आजोळीही फडताळात मिश्रीची डबी असायची. मिश्री, पान, विडी ही सगळी सावकाशीची व्यसनं होती. पान लावायला वेळ लागतो, विडी ओढायला आडोसा लागतो. त्यांनी होणारा आजारही पन्नाशी-साठीत यायचा.

हे बदललं ते पुडीने. सत्तर-ऐंशीच्या दशकात सुपारी, तंबाखू, चुना, काथ आणि सुगंध हे कोरडं करून छोट्या पुडीत आलं आणि सगळं सोपं झालं. खिशात मावते, वर्गात चालते, वास गोड येतो, आईला कळत नाही. पान खायला पोरगा मोठा व्हावा लागायचा. पुडीला वयाची अट उरली नाही. आणि पानाचं हिरवं पान तेवढं पुडीतून गेलं. सुपारी-तंबाखू जास्त, दिवसात वेळा जास्त, सुरुवात पंधराव्या वर्षी. मग पंचविशीत तोंड बंद होतं यात नवल नाही.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने २००२ सालीच गुटख्यावर बंदी घातली होती. तसा अधिकार राज्याला नाही म्हणून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग २०१२ च्या जुलैत, अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याच्या आधाराने, पुन्हा बंदी आली. पुढे सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा हेही त्यात आलं. कागदावर मावा आज महाराष्ट्रात विकताच येत नाही. बंदीनंतर ठिकठिकाणी दोन पुड्या आल्या, एक मसाल्याची, एक तंबाखूची, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकावर आलं. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही हाही २००३चा कायदा आहे. अभ्यासिकेबाहेर हे यार्ड मोजताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही.

आणि आपल्या शहराने काय केलं? शहर भिंतीकडे बघत राहिलं. २०१८च्या नोव्हेंबरात महापालिकेने रस्त्यावर थुंकणाऱ्याला दीडशे रुपये दंड करायचा आणि वर त्याच्याच हातात फडकं देऊन ते पुसायला लावायचं असं ठरवलं. पेपरांत फोटो आले, आम्ही पुणेकरांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, जिन्याच्या कोपऱ्यातले लाल फराटे मलाही आवडत नाहीत. पण त्या फोटोतली बरीच पोरं तिशीच्या आतली दिसत होती. पिंक कुठे पडली हे बघायला माणूस नेमला होता, ती कुठल्या तोंडातून आली हे बघायला नाही. हातात फडकं दिलंच होतं, तर दहा सेकंद टॉर्चही मारायला हरकत नव्हती.

दहा सेकंद मी उगाच म्हणत नाही. पोटाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरला आत बघायला यंत्रं लागतात. तोंडाला टॉर्च पुरतो. केरळात तिरुवनंतपुरमजवळ याची रीतसर चाचणी झाली. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले, नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, संशय आला त्यांना पुढे पाठवलं. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. औषध नाही, लस नाही, फक्त बघणं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही तोंडाची तपासणी आहे, पण ती तिशीच्या पुढच्यांसाठी. नवी पेठेतली माझी रात्री आठनंतरची सगळी गर्दी तिच्या अलीकडची आहे. ती मुलं गावच्या आशाताईच्या वहीत नाहीत, कारण ती गावात राहत नाहीत. आणि इथल्या यादीत नाहीत, कारण इथे ती भाडेकरूंचे भाडेकरू आहेत.

एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून दोघा-तिघांचे तपशील इकडचे तिकडे केले आहेत.

सव्वीस वर्षांचा, बीड जिल्ह्यातला, ऊसतोड मुकादमाचा मुलगा. अक्कलदाढ गालाला लागते, ती काढून टाका म्हणून आला. तोंड दोन बोटं. आरसा जेमतेम आत गेला, आणि खालच्या शेवटच्या दाढेशी, गाल आणि हिरडी मिळते त्या खाचेत, एक चट्टा दिसला. पुडी धरायची जागा तीच असते. कडा उचललेल्या, मधे खोलगट, बोट लावलं तर खालून कडक. दुखत नव्हता. न दुखणं ही या आजाराची सगळ्यात वाईट खोड. दाढ दुखली असती तर तो तीन महिने आधी आला असता.

तुकडा काढून तपासावा लागेल म्हटल्यावर त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, पूर्वपरीक्षेच्या आधी रिपोर्ट येईल का. दुसरा, हत्यार लागलं की पसरतो म्हणतात ते खरं का. ते खरं नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा न काढता तीन महिने मलम लावत बसल्याने तो वाढतो. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता भिंतीवर लिहून लावावं म्हणते. पण पुण्यात भिंतीवर आधीच पाट्या फार.

रिपोर्ट जो यायचा तोच आला. घरी त्याने 'दाताचं ऑपरेशन आहे' एवढंच कळवलं होतं. वडील आले ते केशरी रेशनकार्ड, आधार आणि सातबारा अशी पिशवी घेऊन. सरकारी योजनेत बसतं का ते बघायला सातबारा लागत नाही, पण गावाकडचा माणूस कागद मागे ठेवून येत नाही. "मॅडम, पोरगं दारूला शिवत नाही हो," ते मला परत परत सांगत होते. "नुसता मावा खातंय. मावा तर आम्ही बी खातो." ते पंचावन्नचे. मी त्यांनाही खुर्चीत बसवलं. त्यांचं तोंड अडीच बोटं उघडलं.

सर्जनने गालाबरोबर मानेवरचंही ऑपरेशन सांगितलं, तेव्हा वडील पुन्हा माझ्याकडे आले. गालाला आहे तर मान कशाला कापायची? मानेत गाठ तर लागत नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. डॉक्टरही वर्षानुवर्षं यावर वाद घालत होते. तो मिटवला मुंबईच्या टाटा रुग्णालयाने. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे दोन गट केले: काहींच्या मानेतल्या ग्रंथी, हाताला गाठ लागत नसली तरी, पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, काहींच्या पुढे आजार दिसला तरच. २०१५ साली छापलेल्या निकालात तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. आज जगभर याच्या आधारे उपचार ठरतात. एवढं मोठं काम आपल्याकडे झालं याचा अभिमान वाटावा, आणि ते आपल्याकडेच का होऊ शकलं याचा विचार केला की अभिमान जरा आवरावा. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे एक लाख ४३ हजार लोकांना ओठ-तोंडाचा कॅन्सर होतो. आपल्या पुरुषांमध्ये हाच पहिल्या क्रमांकावर आहे. चाचणीला रुग्ण कमी पडत नाहीत.

माझं काम ऑपरेशननंतर पुन्हा आलं. किरणोपचाराच्या आधी दात बघून घ्यावे लागतात, कारण किरणं लागलेल्या जबड्यात नंतर दात काढला तर जखम भरत नाही, हाडच मरायला लागतं. म्हणून शंकेचे दात आधीच काढून टाकायचे. जबड्याचा एक भाग दातांसकट आधीच गेला होता. उरलेल्यांतले आणखी काढताना माझा हात जड झाला होता हे कबूल. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे एकेका दाताला वेळ लागला, आणि तो मुलगा तेवढा वेळ डोळे मिटून पडला होता. मधेच त्याने पाटीवर लिहून विचारलं, "छातीचे केस तोंडात येतात का?" येतात. गालाच्या जागी छातीची कातडी फिरवून बसवलेली असते, आणि कातडीला आपण आता कुठे आहोत हे कळत नाही. किरणांनी बरेचसे गळतात. त्याने ते ऐकलं आणि पाटीवर हसण्याचं चित्र काढलं.

हल्ली काही तरुण असेही येतात ज्यांनी कधी काही खाल्लेलं नाही, आणि जिभेच्या कडेला जखम असते. मुलीही असतात. त्यांना बघायला उशीर होतो तो वेगळ्या कारणाने: व्यसन नाही म्हणजे हे नसणारच, असं डॉक्टरही धरून चालतात. दोन आठवड्यांचा नियम त्यांनाही लागू आहे. बाकी त्यांची गोष्ट निराळी आहे आणि ती या लेखात बसवली तर तिच्यावर अन्याय होईल.

मुलांना घाबरवून उपयोग होत नाही, हे मी शिकले आहे. पुडीवर ८५ टक्के जागेत सडलेल्या गालाचा फोटो असतो. मुलं तो भाग आधी फाडतात. त्यापेक्षा मी त्यांना आर. आर. आबांबद्दल विचारते. ग्रामस्वच्छता अभियान, तंटामुक्त गाव हे सगळं त्यांना तारीखवार पाठ असतं, कारण प्रश्न येतो. गरीब घरातून गृहमंत्रिपदापर्यंत गेलेला माणूस म्हणून आबा या मुलांचा खरा आदर्श. मग मी विचारते, आबा कशाने गेले? १६ फेब्रुवारी २०१५, वय ५७, तोंडाचा कॅन्सर. तंबाखूची सवय. यावर खोली शांत होते असं नाही. कोणीतरी म्हणतंच की शरद पवारांचं २००४ मध्ये ऑपरेशन झालं आणि ते अजून सभा घेतात. तेही खरं आहे. पवार स्वतः या सवयीबद्दल जाहीर सभांत सांगतात, हेही मी त्यांना सांगते. वाद रंगतो. वाद रंगला की मी म्हणते, चला, आ करा.

सोडणं अवघड असतं, विशेषतः ज्याची झोप आणि भीती दोन्ही त्या पुडीवर चालली आहे त्याला. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात पाणी प्यावं, खोलीबाहेर एक चक्कर मारावी, बडीशेप चघळावी. सुगंधी सुपारी नको. १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट फोन नंबर आहे, तिथे समुपदेशक बोलतात. तोंडासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. जितक्या मावतील तितक्या काड्यांची चळत दातांमध्ये धरायची, दिवसातून चार-पाच वेळा, आणि आठवड्याने त्यात एक काडी सरकवायची. लातूरचा तो गोड आमटीवाला अठरा काड्यांवरून चोवीसवर आलाय. टेबलावर राज्यघटनेच्या शेजारी काड्यांचा गठ्ठा ठेवतो, मित्रांनी त्याला 'कुल्फी' नाव पाडलंय.

बीडचा मुलगा उपचार संपवून गावी आहे. परीक्षेचा फॉर्म भरलाय. त्याला लेखीची भीती नाही, मुलाखतीची आहे. ओठ नीट मिटत नाहीत, त्यामुळे प, ब, म यांतून हवा निसटते. वाणी-उपचार करणाऱ्या ताईंनी रोज मोठ्याने वाचायला सांगितलंय, म्हणून तो सकाळी पेपरातला अग्रलेख वाचून जुन्या खोलीतल्या मित्रांच्या ग्रुपवर आवाज पाठवतो, आणि अधूनमधून मलाही. मित्र मार्क देतात. परवा एकाने लिहिलं होतं, "राज्यसेवा कळतंय. दुष्काळ, सिंचन, कर्ज सगळं कळतंय. पंचायत समितीवर अजून मेहनत घे."